अंगठा बाहेर ठेवा

आमच्या सांगलीच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची पत्र्याची एक शेड आहे. घर बांधले तेव्हा ती स्कूटरसाठी केली होती. आता तिच्यात चार ऑइल इंजिने आहेत. दोन चालू, एक अर्धे उघडलेले आणि एक पोत्याखाली झाकलेले. सकाळी फिरून येणारे शेजारी कुंपणाशी थांबतात आणि विचारतात, ''काय करता हो या इंजिनांचं?'' या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. मला शेत नाही, विहीर नाही, गिरणी नाही. मी ती भंगारातून वजनावर विकत आणतो, उघडतो, साफ करतो, चालू करतो, पाच-दहा मिनिटे आवाज ऐकतो आणि बंद करतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की निवृत्त माणसाने देवळात तरी जावे नाहीतर शेअर बाजारात. माझे कादंबऱ्या लिहिणे त्यांनी तीस वर्षे सोसले, कारण कागदाला डिझेलचा वास येत नाही.

असे वेडे जगात पुष्कळ आहेत, हा मला मोठा आधार आहे. अमेरिकेत आणि कॅनडात जुन्या चेन-सॉ, म्हणजे झाडे कापायच्या साखळीच्या यांत्रिक करवती, जमवून त्या पुन्हा जिवंत करणारे लोक आहेत. मॅकलॉक, होमलाइट ही त्यांच्यातली मानाची नावे. जर्मनीत स्टुटगार्टला आंद्रेआस स्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी पहिली करवत काढली, तेव्हा ती पेलायला दोन माणसे लागत. पुढे ती एका माणसाच्या हातात मावली आणि जंगलातल्या मजुरांचे सारे आयुष्यच बदलले. इंग्लंडमध्ये शेतावरच्या जुन्या इंजिनांचे मेळावे भरतात. चेशायर परगण्यात पॉइंटन नावाच्या गावी नुसत्या इंजिनांचे एक संग्रहालय आहे. ज्या यंत्रावर बापाने पोट भरले ते यंत्र मुलगा जपतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बापांनी कशावर पोट भरले? मोटेवर, आणि मोटेनंतर इंजिनावर. मोटेला निदान गाणी मिळाली. इंजिनाला भंगारवाला मिळाला.

ज्यांनी ही इंजिने पाहिलीच नाहीत अशी एक पिढी आता घरोघर आहे, म्हणून थोडे सांगायला हवे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पंधरा-सोळा पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल याने हे १८९७ साली ऑग्सबर्गला नीट चालवून दाखवले. शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत ते यायला आणखी तीस-चाळीस वर्षे गेली. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे, दोन मोठ्या चाकांचे, संथ इंजिन काढले. ते इतके साधे आणि टिकाऊ होते की राजकोटच्या कारागिरांनी पुढे त्याच्या हजारोंनी नकला केल्या, आणि मूळ इंजिन बनायचे थांबल्यावरही त्या नकला बनत राहिल्या. आपल्याकडे साताऱ्याला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला होता. तिथे तिशीच्या दशकातच डिझेल इंजिने होऊ लागली. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिन बनवणारा माणूस सरकारचा प्रमुख होऊ शकतो, असा तो काळ होता.) नांगरापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला आणि मग पाच हॉर्सपॉवरचे, मिनिटाला दीड हजार फेरे घेणारे ते उभे इंजिन पश्चिम महाराष्ट्राच्या विहिरी-विहिरींवर जाऊन बसले.

गावाने या यंत्राला आपल्या भाषेत घेतले. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणारी झडप असते, तिचे नाव फूट व्हॉल्व्ह. खेड्यात तिला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. ''फुटबॉलात कचरा गुतलाय'' हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात ऐकले, तेव्हा मला वाटले की पोरांचा चेंडू विहिरीत पडला असावा. पंपात कुठून हवा शिरत असली की बादलीभर शेणकाला पंपात ओतायचा. शेण त्या फटीत जाऊन बसते आणि पंप पाणी धरतो. सायलेन्सरच्या नळीवर पावसाळ्यात पत्र्याचा डबा पालथा घालायचा. मात्र हवेच्या दाबाचा नियम कोणाच्या भाषेत बदलत नाही. पंप पाणी ओढतो ते कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. पाणी त्याच्या खाली गेले की इंजिन वर ठेवून उपयोग नाही. मग शेतकरी विहिरीच्या आतच टप्पा काढून इंजिन खाली नेत. त्या अरुंद जागेत धूर साठे, आणि 'गॅस लागून' माणसे मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींत येत.

हे मुद्दाम सांगतो आहे. जुन्या यंत्रांविषयी लिहिताना माणूस फार लवकर हळवा होतो. हे इंजिन धूर ओकत होते, कानठळ्या बसवत होते, आणि मोटेने जे पाणी दहा वर्षांत उपसले नसते ते याने दोन वर्षांत उपसले. तरीही मोटेवर पहाटेपासून बैलांमागे मागे-पुढे चालणाऱ्या माणसाला विचारले असते, तर त्याने इंजिनाला हळदकुंकूच वाहिले असते. तसे ते वाहिले जायचेही. दसऱ्याला झेंडूची माळ घातलेली इंजिने मी स्वतः पाहिली आहेत.

पाहिली ती बँकेतला माणूस म्हणून. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँका खेड्यात गेल्या. त्यांच्या मागून माझ्यासारखे शहरात वाढलेले वाणिज्य पदवीधर गेले. १९८६ साली माणदेशातल्या एका शाखेत मी शेती अधिकारी म्हणून हजर झालो. वय सत्तावीस. मी स्वतः मंजूर केलेले पहिले कर्ज ऑइल इंजिनाचे होते. इंजिन, पंप आणि पाइप मिळून साडेआठ हजार रुपये, पाच वर्षांची मुदत, वार्षिक हप्ते. कर्जदार पन्नाशीचे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्या गावात तात्या दहा-बारा तरी असतील, म्हणून लिहायला हरकत नाही. कागदपत्रांवर त्यांनी सही केली नाही. निशाणी डावा अंगठा. एकूण अकरा ठिकाणी. मी शाईचे पॅड पुढे करत होतो आणि ते दर वेळी अंगठा धोतराला पुसून पुन्हा नेमकेपणाने टेकवत होते.

महिन्याभराने कर्जाचा विनियोग नीट झाला की नाही ते पाहायला मी विहिरीवर गेलो. इंजिन होते, पंप होता, टाकीवर नियमाप्रमाणे पांढऱ्या रंगात 'बँकेकडे तारण' असे रंगवलेले होते. मी वहीत इंजिनाचा नंबर उतरवून घेतला. तात्या म्हणाले, ''सायेब, चालू करून बगा की.'' मी हॅन्डल धरले. ते झटकन पुढे आले आणि त्यांनी माझा अंगठा बोटांच्या विळख्यातून सोडवून बाहेर काढला. ''अंगठा भाईर ठिवा. बोटांच्याच अंगाला. इंजिन उलटं मारतंया कवा कवा. अंगठा आत आसंल तर मनगटासकट घिऊन जातंया.'' मग डाव्या हाताने वरची कळ उचलून धरायची, म्हणजे आतला दाब सुटतो; उजव्या हाताने हॅन्डल फिरवत वेग घ्यायचा; चाक पुरेसे फिरले की कळ सोडायची. मला ते तिसऱ्या खेपेस जमले. पाइपातून पाण्याचा पहिला लोट पडला तेव्हा त्यांच्या घरच्या लहान मुलीने टाळ्या वाजवल्या. बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला टाळी मिळाल्याचा तो एकच प्रसंग.

आता शेडमध्ये परत येतो. निवृत्त झाल्यावर, २०१९ साली, मिरजेला जुन्या बाजारात मी एक इंजिन पाहिले. दोन हमाल ते टेम्पोत चढवत होते. मी भाव विचारला तेव्हा दुकानदाराने किलोचा भाव सांगितला. लोखंडाचा. त्या क्षणी मला काय झाले ते ठाऊक नाही. मी ते घेतले आणि घरी आणल्यावर माझ्या लक्षात आले की आपल्याला यातले काही म्हणजे काही कळत नाही.

ते शिकवायला मेस्त्री भेटले. पंचाहत्तरीच्या पुढचे, मिरजेत गल्लीच्या टोकाला बारा बाय आठचे गॅरेज, शिक्षण चौथी उर्दू. चाळीस वर्षे त्यांनी कृष्णा-वारणेच्या काठची इंजिने दुरुस्त केली. ते सायकलने विहिरीवर जात आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत पान्यांबरोबर भाकरी असे. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, ''मेस्त्री, हे तर संपलेलं दिसतंय.'' त्यांनी फ्लायव्हीलला हात लावून पाहिले आणि म्हणाले, ''संपलं न्हाय साहेब. जाम झालंय.'' या दोन शब्दांत केवढे अंतर आहे ते मला पुढच्या सहा महिन्यांत कळले.

जाम झालेल्या इंजिनाला घाई चालत नाही. हेड काढायचे, पिस्टनच्या डोक्यावर डिझेल आणि पातळ ऑइल ओतून ठेवायचे आणि विसरून जायचे. आठ दिवसांनी पुन्हा ओतायचे. नवखा माणूस इथे हातोडा उचलतो. मीही उचलला होता. मेस्त्रींनी तो काढून घेतला आणि बाभळीचा ठोकळा दिला. पिस्टनवर ठोकळा ठेवून हलक्या हाताने सगळीकडून टिचक्या मारल्यासारखे ठोकायचे, मग चाकाला दोर बांधून थोडे इकडे, थोडे तिकडे. पहिले पंधरा दिवस काही होत नाही. सोळाव्या दिवशी ते सुताएवढे हलते. ते सूतभर हलणे पाहायला मी सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून बोलावून आणले होते. त्यांनी पाहिले, आणि आमटी करपली.

पुढचे काम बारीक. रिंगा काढायच्या त्या वाकवून नव्हे, पत्र्याच्या पट्ट्या घालून सरकवायच्या. खोबणीतली काजळी जुन्या रिंगेच्याच तुकड्याने खरवडायची. व्हॉल्व्ह पेस्ट लावून बसवायचे आणि दोन्ही तळहातांत काठी धरून, रवी घुसळावी तसे, अर्धा फेरा पुढे अर्धा मागे घासायचे. घासलेल्या जागी सलग राखाडी कडे दिसले की झाले. लायनर ओरखडला असेल तर मात्र तो बदलावाच लागतो, तिथे माया दाखवून चालत नाही.

सगळ्यात नाजूक भाग डिझेल पंपाचा. त्यातला प्लंजर आणि त्याची नळी ही जोडी जन्माची असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळीत चालत नाही, दोहोंमधली फट डोळ्याला दिसणारच नाही इतकी कमी. त्याला कापड लावायचे नाही, कारण कापडाचा एक धागासुद्धा तिथे खडकासारखा. स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचे आणि ओलेच बसवायचे. नोझलची परीक्षा हातपंपावर. सुमारे दोनशे किलोच्या दाबाला तो उघडतो. चांगला नोझल कर्र-कर्र असा आवाज करतो, फवारा धुक्यासारखा येतो आणि थांबतो तेव्हा टोकाला थेंब राहत नाही. फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. ते डिझेल कातडी फोडून आत शिरते. मेस्त्री डोळे मिटून नोझल तपासतात. पुण्याच्या एखाद्या संगीतसभेत पुढच्या रांगेतले वृद्ध रसिक जसे डोळे मिटून निषाद तपासतात, तसे.

हे ज्ञान कुठेही लिहून ठेवलेले नाही, हे मला फार लागते. कारखान्यांची माहितीपुस्तके होती, पण शेणकाला, बाभळीचा ठोकळा, आवाजावरून बेअरिंग ओळखणे हे त्यांत नाही. मेस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू उघडता येऊ नयेत अशाच बनवलेल्या असतात, स्क्रूऐवजी गोंद. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि तिच्या यादीत मोबाइलबरोबर शेतीची अवजारेही आली. आली हे बरे झाले. पण दुरुस्ती करणारा हातच उरला नाही तर हक्क कोणाकडे घेऊन जायचा? माझी सूचना अगदी साधी आहे. इंजिने विहिरींवरून कधीच उतरली. आधी विजेच्या मोटारी आल्या, आता सौर पंप येत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयने एक जुने इंजिन भंगारातून सोडवून घ्यावे आणि गावात जो कोणी म्हातारा मेस्त्री असेल त्याला आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन मुलांसमोर ते उघडायला सांगावे. एका कॉम्प्युटरच्या किमतीत हे होईल. संग्रहालय, उद्घाटन, फीत असले काही नको.

गेल्या पावसाळ्यात मी चौथे इंजिन आणले. तेच पाच हॉर्सपॉवरचे उभे. टाकीवर तीन रंग चढलेले होते. वरचा निळा खरवडला, त्याच्याखाली लाल निघाला, आणि लाल खरवडताना पांढऱ्या अक्षरांचा माग लागला. आधी एक 'ता' आणि 'र'. मग 'ण'. बँकेचे नाव गंजात गेले होते. 'कडे तारण' एवढेच उरले होते. मी खरवडणी खाली ठेवली आणि नंबराची पट्टी पुसून पाहिली. नंबर स्पष्ट होता. पण जो ताडून पाहायचा तो नंबर मला आठवत नव्हता. जो मी स्वतः वहीत उतरवला होता, आणि तीन वर्षांनी जप्तीच्या पंचनाम्यात पुन्हा उतरवला होता.

१९८७ साल कोरडे गेले. तात्यांच्या विहिरीत ते वर्ष आणि पुढचा उन्हाळा डबकेसुद्धा नव्हते. इंजिन चालवायचे कशावर? पहिला हप्ता गेला, दुसराही गेला. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत होती, म्हणजे नियमाप्रमाणे हप्त्यांची फेरआखणी करता येत होती. त्यासाठी प्रकरण तयार करून वर पाठवावे लागे. माझ्या टेबलावर अडीचशेच्या वर प्रकरणे होती. मी पीककर्जांची केली, मुदतकर्जांची राहिली. तात्यांनी अर्ज केला नाही, कारण असा अर्ज असतो हे त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. मी सांगितले नाही. का नाही सांगितले याचे मोठे कारण काही नाही. त्या दिवसांत मी रोज दहा जणांना काहीतरी सांगायचा राहून जात होतो.

१९८८ ला पाऊस झाला. विहीर भरली आणि तात्यांनी अर्ध्या एकरावर कांदा लावला. १९८९ च्या फेब्रुवारीत मी जीप घेऊन गेलो. मार्चअखेर जवळ होती आणि वसुलीच्या तक्त्यात आमची शाखा खालून दुसरी होती. तात्या म्हणाले, ''कांदा निगू द्या सायेब. दीड म्हयना. कांदा निगाला की दोनी हप्तं एकदम टाकतो.'' ते खोटे बोलत नव्हते हे मला समोर दिसत होते. कांदा हिरवागार उभा होता. मी म्हणालो, ''माझ्या हातात काही नाही.'' बँकेत हे वाक्य आम्ही इतके वापरतो की ते खोटे आहे असे बोलताना वाटतही नाही. शिपायांनी बोल्ट सोडले. इंजिन जीपच्या मागे ट्रॉलीत चढेना, तेव्हा चढवायला तात्यांनीच हात लावला.

कांद्याचे पुढे काय झाले ते पाहायला मी गेलो नाही.

इंजिन शाखेच्या मागे चिंचेखाली पडून राहिले. पहिल्या लिलावाला अपेक्षित बोली आली नाही. मग वळवाचे पाऊस झाले, मृग झाला. सायलेन्सरच्या नळीवर डबा पालथा घालायचे कोणाला सुचले नाही. मला तरी सुचायला हवे होते. जुलैत ते विकले गेले तेव्हा घेणाऱ्याने चाक फिरवून पाहिले, ते फिरेना. जाम. तेवीसशे रुपये आले. उरलेली बाकी तात्यांनी ऑगस्टमध्ये गाय विकून भरली. मी खाते बंद केले, 'नील' असा शेरा मारला, आणि त्या तिमाहीत माझ्या वसुलीचे कौतुक करणारे पत्र आले.

१९९० च्या मे महिन्यात कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची, २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकीत असलेली कर्जे. याद्या आम्हीच केल्या. तात्यांच्या वाडीतल्या सातजणांची नावे यादीत होती. एके दिवशी ते स्वतः आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरण्याच्या पावत्या घडी घालून आणल्या होत्या. ''यादीत आमचं नाव न्हाई व्हय?'' मी समजावून सांगितले, की तुमचे खाते त्या तारखेच्या आधीच बंद झाले आहे, थकबाकी नाही म्हणून माफीही नाही. त्यांनी ऐकून घेतले. आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, ''इंजान कुनी घेतलं?'' मी म्हणालो, आटपाडीकडचा कोणी होता. ''त्याला सकाळच्या वक्ताला हवा धरायची खोड हाय. घेनाऱ्याला सांगितलंसा का?''

मी नाही म्हणालो. जून संपता संपता माझी बदली झाली.

या सगळ्यावर मी कधी लिहिले नाही. माझ्या कादंबऱ्यांत शेतकरी आहेत, दुष्काळ आहे, एकीत तर सावकारही आहे. बँकेचा अधिकारी नाही. एका समीक्षकाने हे नोंदवले होते, की लेखक स्वतः बँकेत असून त्याच्या लिखाणात बँक कुठेच कशी नाही. मी तेव्हा त्याला उत्तर दिले होते, की अंतर पडल्याशिवाय लिहिता येत नाही. पुरेसे अंतर पडून आता पस्तीस वर्षे झाली.

ते इंजिन तात्यांचे नसणार. तशी हजारो निघाली आणि तशी अक्षरे शेकडो टाक्यांवर रंगवली गेली. तात्या असतील तर आता नव्वदीला असतील. मी दोनदा एसटीने आटपाडीच्या पुढे जाऊन यायचे ठरवले आणि दोन्ही वेळा ऐनवेळी काहीतरी काम निघाले. काम निघाले असे मी घरी सांगितले.

दिवाळीच्या आधी ते चालू झाले. पिस्टन सुटायला बावीस दिवस लागले, नोझल राजकोटहून आला, रिंगा मेस्त्रींच्या जुन्या साठ्यातून निघाल्या. इंजिन रंगवले, टाकी रंगवली नाही, नुसते स्वच्छ वार्निश मारले. नात पुण्याहून आली होती. चौदा वर्षांची, हट्टी. तिला हॅन्डल मारायचे होते. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि तिचा अंगठा बोटांतून सोडवून बाहेर काढला. तिने विचारले, ''असं का?'' मी सांगितले ते इंजिन उलटे मारते म्हणून. कोणी शिकवले ते तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. दुसऱ्या खेपेस चालू झाले. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी, अहो पुरे, असे ओरडले.

एक अडचण राहिली आहे. रात्रभर उभे राहिले की ते सकाळी डिझेलमध्ये हवा धरते. मेस्त्री म्हणतात, दर दुसऱ्या जुन्या इंजिनाला ही खोड असते, पाइपाच्या जोडावरचे तांब्याचे वायसर बदलून बघा. मी दोनदा बदलले. तोवर सकाळी सहाला उठून शेडमध्ये जातो, फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि फेसाळ डिझेल वाहून जाऊन स्वच्छ धार लागेपर्यंत बोटाने दाबून थांबतो.